शालनवहिनींनी उचललेली सुपारी

शालनवहिनी गेल्या, हे मला त्यांच्या प्राजूनं फोनवर सांगितलं. मी बिल्डिंगच्या खाली माझ्या शिवणाच्या दुकानात मशीनवर बसले होते, कुणाच्या तरी ब्लाउजची बाही लावत. "काकू, आई गेली… चहा मागितला, घोटभर घेतला आणि गेली," एवढंच बोलली पोरगी. मी तशीच अनवाणी वर धावले. दारात बायका जमलेल्या, आणि पहिलं वाक्य कानावर पडलं ते हे : "बिचारी गं! एकुलत्या लेकीच्या डोक्यावर अक्षता बघायच्या राहिल्या." माझं टाळकंच सरकलं. रडायचं सोडून मी त्यांच्यावर डाफरले. आता महिना उलटला, तरी ते वाक्य काही थांबत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी लातूरची, तोंडाची फटकळ. स्पष्टच सांगते, शालनवहिनींचं काहीही राहिलेलं नाही.

त्या मूळच्या चऱ्होलीच्याच. ज्या वावरात त्यांनी कांदे लावले, तिथंच आमची बिल्डिंग उभी राहिली आणि त्या चौथ्या मजल्यावर राहायला आल्या. मी एकदा चिडवलं, "वहिनी, कांद्याची आठवण येत नाही का हो?" तर म्हणाल्या, "कांदं गेलं. आता लिफ्ट हाय. चला, लिफ्टनं जाऊ." सासूनं त्यांच्या हातात जपमाळ दिली होती. पण माळ ओढताना मन भलतीकडेच जायचं, म्हणून त्यांनी ती देवापुढं ठेवून दिली आणि स्वतःचंच एक काढलं. जे हातात असेल त्याचं नाव घ्यायचं. कणीक मळताना ओठ हलायचे, "पीठ… पाणी… पीठ…" मला आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलं! विचारलं तर म्हणाल्या, "देव पिठात न्हाई व्हय? मग त्याला लांबून कशाला हाका मारायच्या?" पुढं कॅन्सर निघाला. केमोच्या खुर्चीतसुद्धा त्यांचं तेच चालायचं, "सुई… थेंब… पंखा…" शेजारी मी बसलेली असायचे. तेवढा वेळ त्या खरोखर तिथंच असायच्या, आणि माझं मन मात्र डॉक्टर काय सांगतील तिकडं पळत असायचं.

बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आलेला माणूस सोफ्यावर बसून नाक ओढायला लागला की वहिनी त्याच्यापुढं मेथीची जुडी टाकायच्या. "आलाच हाय तर निवडा." मोठमोठ्या गाड्यांतून उतरलेले पाहुणे मुकाट मेथी निवडत बसायचे. मी स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून हसायचे.

आणि मग ती बैठक झाली. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हटल्यावर वहिनींच्या भावानं, तात्यांनी, तळेगावचं एक स्थळ आणलं. आईच्या डोळ्यांदेखत लग्न उरकायचं, असं सगळ्यांचं ठरलं. प्राजू चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, नुकतीच कायम झालेली. मुलगा तिला धड पसंतही नव्हता. तरी आईसाठी ती हो म्हणाली. वहिनींना कुणी विचारलंच नाही. पाहुणे बसले, बोलणी झाली, ताटात सुपारी आली. आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग मागं फिरणं नाही. इतक्यात भिंतीला धरत धरत वहिनी बाहेर आल्या, डोक्यावर एक केस नाही, पदर घ्यायचंही भान नाही. सरळ वाकल्या, ताटातली सुपारी उचलली आणि मुठीत धरली.

"ही फुटायची न्हाई."

तात्या उठले. "अगं शालन, तुझ्यासाठीच चाललंय ना हे! तुला बघायला मिळावं म्हणून…"

"मी जित्ती हाय, दादा. तुमी समदी माझ्या तेराव्याच्या तयारीला लागलाय आन् त्यात पोरीची हळद घुसडताय. मी मरायची हाय म्हणून तिनं जल्मभर कुणाच्या तरी घरात नांदायचं व्हय?"

पाहुणे उठून गेले. वहिनींचा नवरा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. हट्टी, उलट्या काळजाची, काय काय ऐकून घेतलं त्या बाईनं. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याजवळ मात्र ढसाढसा रडल्या. "मला काय हौस न्हाई व्हय तिला नवरी झालेली बघायची? लई हाय. पर माझी हौस तिनं का फेडायची?" मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आज तिची फस्ट शिफ्ट हाय, आता येईल. वांगी करू."

त्यानंतरचे महिने मी पाहिले आहेत. प्राजू कामावरून आली की वहिनी टीव्ही बंद करायला लावायच्या, दुखत असलं तरी उठून बसायच्या. कुठला पार्ट रिजेक्ट झाला, सुपरवायझर काय बोलला, कँटीनला काय होतं… सगळं ऐकायच्या. मध्ये एकदाही "माझ्यामागं तुझं कसं होणार" नाही. मृत्यू दारात येऊन बसला होता, पण त्याच्याकडं बघायला ह्या बाईला सवडच नव्हती. ह्याला साधना म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

परवा तात्या पुन्हा आले. मी तिथंच होते. म्हणाले, "वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. शालनचं बघायचं राहिलं, निदान तिच्या आत्म्याला…" प्राजू सेकंड शिफ्टला निघाली होती, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात डबा. दारातच थांबली. मला वाटलं, आता ही रडणार. नाही रडली.

"मामा, आईनं लग्न नसेल बघितलं," ती म्हणाली, "पण मला बघितलंय. रोज. तुम्ही बघितलंय का कधी?"

 खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि पोरगी जिना उतरून गेली.