कोऱ्या पट्टीची जपानी गाडी

अस्सल वस्तू आपली साक्ष आपणच देते, असं म्हणतात. मीही हे वाक्य पुष्कळांना ऐकवलं आहे; बहुतेक वेळा पाहणीची फी ठरवण्याआधी.

सत्तर सालाच्या आसपास मी लोणावळ्यात राहून विमा कंपन्यांसाठी अपघाती मोटारी तपासत असे. घाट शेजारीच असल्यामुळे कामाची ददात नव्हती. आठवडाभर चेपलेली बॉनेटं पाहून झाली की रविवारी बंगलेवाल्यांची बोलावणी यायची: परदेशी गाडी विकायची आहे, किंमत सांगा. बाहेरून गाडी आणणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे आधीच इथे आलेल्या गाडीला मालक म्हणेल तो भाव. आणि त्यामुळेच परदेशी सांगाड्यात देशी इंजिन बसवून ती ‘अस्सल’ म्हणून खपवणारेही पुष्कळ. मी पंचेचाळिशीला आलो होतो आणि त्या शब्दाला पुरता विटलो होतो.

त्या रविवारी भुशीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात गेलो. मालक निवृत्त अधिकारी. परदेशातल्या नोकरीवरून परतताना त्यांनी ही जपानी गाडी बोटीने आणली होती. गाडीचा विषय निघाला की ते खुर्चीतून उठून उभे राहत. गिऱ्हाईक मुंबईचा एक छापखानेवाला होता. तो बसूनच होता.

“दख्खनमध्ये अशी दुसरी नाही,” मालक म्हणाले.

“नसेलही. नंबर जुळले की घेतो,” छापखानेवाला म्हणाला.

गाडी पुसून, धुऊन गॅरेजमध्ये उभी होती. शेजारी माळी उभा होता. तो मूळचा वडिवळ्याचा. चौदा वर्षं बंगल्याच्या मागच्या खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहत होता; मुली लोणावळ्याच्या शाळेत जात. दर आठवड्याला इंजिन सुरू करून गाडीला फाटकापर्यंत नेऊन आणणं, हे त्याचंच काम.

मी बॉनेट उघडलं. कारखान्याची पट्टी, जिच्यावर गाडीचा नंबर छापलेला असतो, आरशासारखी चकाकत होती. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

“हे काय?” मालकांनी विचारलं.

“दर दसऱ्याला घासतो, सायेब,” माळी म्हणाला. “चिंच आन राख. देवाची भांडी घासतो तशी.”

“अरे गाढवा, तो नंबर होता!”

“पयल्या दोन वर्सांतच गेला त्यो. मला वाटलं, मळ हाय.”

छापखानेवाल्याने घड्याळ पाहिलं. मालकांचा चेहरा लाल झाला. “उद्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर,” ते म्हणाले. माळ्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्याची घडी घालायला लागला. एवढ्याशा फडक्याची घडी घालायला फार वेळ लागत नाही, त्याला लागला.

मला घरी जाऊन झोपायचं होतं. तरी म्हटलं, “थांबा. हाच नंबर पत्र्यातही ठोकलेला असतो. इंजिनामागच्या भिंतीवर.”

तिथे पाहिलं तर हळद, कुंकू आणि तेल यांचा बोटभर जाड थर.

“आबा, हे इथंच का?” मी माळ्याला विचारलं.

“तितं खोदल्यालं दिसलं. म्हनलं, गाडीचा देव हितंच आसंल.”

मी फडकं मागून घेतलं, रॉकेलमध्ये भिजवलं आणि थर खरवडला. लोणावळ्याच्या हवेत दाराचे खालचे पत्रे गंजून जाळीदार झाले होते, पण त्या थराखालचा नंबर कालच ठोकल्यासारखा होता. गाडीच्या नोंदणी-बुकातल्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला.

“बघा!” मालक माझ्याकडे पाहून म्हणाले, जणू पूजा त्यांनीच केली होती.

राहिलं इंजिन. जपानी गाडीचे नट मिलिमीटरच्या मापाचे असतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे तेव्हा इंचाच्या. गाडीच्या सांगाड्याला माझे मिलिमीटरचे पाने नीट बसले. इंजिनाला लावले तर ते डुगडुगायला लागले. मग मी पिशवीतून इंचाचा पाना काढला. तो चपखल बसला.

मी माळ्याला विचारलं, “इंजिन कधी बदललं?”

“ते मला न्हाई ठावं,” तो म्हणाला. “तवा सायबांनी मला आठ दिस गावाला धाडलं व्हतं. वर भाड्याचं पैसंबी दिलं.”

मालक पहिल्यांदाच गाडीपाशी बसले, मडगार्डवर.

मी अहवालात लिहिलं: सांगाडा जपानी, इंजिन देशी, बदलाची नोंद बुकात करून घ्यावी लागेल. किंमत निम्म्यावर आणली आणि कागद छापखानेवाल्याच्या हाती दिला. त्याने तो दोनदा वाचला.

“इंजिन खरंच देशी आहे? नक्की?”

“नक्की.”

“मग आधी का नाही सांगितलंत?” तो मालकांना म्हणाला. “जपानी इंजिनाचा एक वॉल्व्ह मोडला तर मी कुठं जाऊ? ह्याचे सुटे भाग कामशेतलाही मिळतील. तुमचा मूळ भाव मान्य.”

त्याने खरोखरच पूर्ण भाव दिला. आदल्या वीस वर्षांत जे काही शिकलो होतो, त्याचा उपयोग मला त्या क्षणी आठवेना.

गाडी गेल्यावर मालक बराच वेळ रिकाम्या गॅरेजच्या दारात उभे होते. खोलीचा विषय त्यांना पुन्हा काढायचा असावा. पण माळ्याला आणखी काय काय ठाऊक असेल, याचा त्यांना अंदाज नव्हता. शेवटी ते एवढंच म्हणाले, “उद्या हे झाडून घे.”

“व्हय, सायेब.”

माळ्याने झाडून घेतलं आणि तिथे जळण रचलं. भर आषाढातही ते कोरडं राहायचं.