तिचा लाल आकडा

माझ्या हातून जे झालं ते सांगायचं तर आधी माझी फुशारकी सांगावी लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. मी पंचवीसेक वर्षं जर्मन शिकवते आहे. त्यातली बरीचशी पाचगणीच्या एका निवासी शाळेत गेली. तिथली मुलं फ्रेंच नको म्हणून जर्मन घ्यायची, आणि माझ्याकडे साधनं म्हणाल तर खडू, फळा आणि माझा आवाज. घसा बसला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि पुन्हा वर्गावर जायचं. त्यामुळे सांगलीत एका संस्थेने परिचारिकांसाठी जर्मनचा वर्ग काढला आणि तिथे भिंतभर स्मार्ट बोर्ड, भरपूर इंटरनेट, उच्चार तपासणारं ॲप असं सगळं आयतं हातात आलं, तेव्हा मी हरखून गेले. साताऱ्याचं घर सोडून विश्रामबागेत खोली घेतली. शनिवारी घरी, सोमवारी पुन्हा इकडे. नवरा म्हणाला, ‘‘या वयात नवीन खेळणं मिळालंय तुला.’’ मी चिडले होते, पण तो काही खोटं बोलत नव्हता.

वर्गात अठराजणी होत्या. सगळ्या कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या. सकाळची ड्युटी उरकून दुपारी वर्गाला यायच्या आणि डोळ्यांवर झोप असली तरी वही उघडायच्या. सहा महिने शिकायचं, मग त्यांतल्या बाराजणींची नावं मुलाखतीला जायची. जर्मनीतलं एक रुग्णालय व्हिडिओवर मुलाखत घेणार आणि पसंत पडतील त्यांना नोकरीवर बोलावणार. बारा नावं कुठली, ते मी ठरवायचं.

ॲपचं काम सोपं होतं. फोनवर वाक्य दिसायचं, ते मोठ्यानं म्हणायचं, की शंभरापैकी आकडा यायचा. साठाच्या वर हिरवा, खाली लाल. रोज घरून दहा वाक्यं म्हणून पाठवायची. दुसऱ्या दिवशी मी अठरा नावं आणि अठरा आकडे बोर्डावर लावायची. ‘‘माझ्याशी गोड बोलून काही मिळेल, पण यंत्र कुणाची भीड ठेवत नाही,’’ असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढे संस्थेच्या साहेबांसमोरही मी ते ऐकवलं. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

ती त्या अठराजणींतलीच एक, तासगावच्या बाजूच्या एका गावातून यायची. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. सासरी हळदीचं काम. हळद शिजवायची, वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, आणि घराला लागूनच छोटी चक्की, तिथे हळकुंडं दळून पूड करायची. दवाखाना आणि वर्ग झाला की संध्याकाळी तिला चक्कीवर बसावं लागे. पहिल्याच आठवड्यात मी तिची पिवळी नखं बघून म्हटलं, ‘‘स्वच्छ करून येत जा. तिकडची माणसं काय म्हणतील?’’

‘‘धुतल्यात वो मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘निघत न्हाई ती.’’

सासरच्यांनी तिला एकदाच परवानगी दिली होती. एक वर्ग, एक प्रयत्न. नाव लागलं तर जा, नाही लागलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. हे तिने ओळख करून देतानाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. म्हणजे तिचं काय पणाला लागलंय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माहीत नव्हतं, अशी पळवाट मला नाही.

तिचा आकडा कायम लाल. अडतीस, एक्केचाळीस, छत्तीस. बाकीच्या हळूहळू हिरव्यात आल्या, ही जागची हलेना. मी बोर्डापुढे उभी राहून तिच्या नावावर बोट ठेवायची आणि विचारायची, ‘‘घरी सराव करतेस का नुसती दहा वाक्यं उरकतेस?’’

‘‘रोज करती, मॅडम.’’

‘‘मग आकडा काय खोटं बोलतो?’’

‘‘न्हाई, त्यो फोन...’’

‘‘फोनला नावं ठेवू नकोस,’’ मी म्हटलं, आणि वर्ग हसला. वर्गाला हसवायची मला खोड आहे. तेव्हाही मजाच वाटली. एकदा उशीर होणार म्हणून तिने मला फोन केला होता. एक शब्द धड कळेना. दुसऱ्या दिवशी मी तेही वर्गात सांगितलं. तोंडात भाकरी धरून बोलत होती म्हटलं. पुन्हा हशा. तीही हसली बिचारी.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते सांगते. मी तिला ऐकलं होतं, माझ्या कानांनी. एका दुपारी आम्ही प्रसंग करत होतो. एकजण आजोबा झाली, ते आंघोळीला उठायला तयार नाहीत, आणि नर्सने त्यांना जर्मनमध्ये बोलून उठवायचं. इतरजणी पाठ केलेली वाक्यं म्हणून मोकळ्या झाल्या. ही खाली बसली, आजोबांच्या खुर्चीच्या उंचीला आली, आणि बोलायला लागली. मध्येच थांबली, शब्द आठवला, पुढे गेली. पाणी गरम आहे म्हणाली, तुमच्या मुलीचा फोन येणार आहे म्हणाली. क्रियापदं दोन ठिकाणी चुकली असतील. पण उच्चार इतके नितळ, की माझ्या पाचगणीच्या एकाही पोराला ते कधी जमले नव्हते. आजोबा झालेली मुलगी चक्क उठून उभी राहिली.

मी ‘छान’ म्हटलं आणि बोर्डाकडे वळले. तिथे तिच्या नावापुढे एकोणचाळीस होते. मी स्वतःला समजावलं की ही नक्कल चांगली करते, भाषा कच्ची आहे. पंचवीस वर्षं कमावलेल्या कानांपेक्षा मला तो आकडा खरा वाटला. वाटला म्हणणंही खोटं आहे, मला तो सोयीचा होता. मी कुणाला नापास केलं की रडारड होते, माझ्याकडे बघून बायका तोंड फिरवतात. आकड्याने नापास केलं की कुणी काही बोलत नाही.

सहा महिने संपले आणि एका सोमवारी मी बारा नावांची यादी साहेबांना दिली. त्यांनी तिच्या नावाबद्दल मुद्दाम विचारलं, कारण तिच्या दवाखान्याकडून तिच्याबद्दल चांगलं पत्र आलं होतं. ‘‘आकडे बघा ना,’’ मी म्हटलं. साहेब म्हणाले, काही बदल असला तर शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा, मग यादी पुढे जाईल.

यादीत नाव नसल्याचं कळलं, तशी मंगळवारी ती पुस्तक परत करायला आली. ॲप मोजक्याच फोनांवर चालायचं, म्हणून तिच्या फोनवरून काढून दुसरीला द्यायचं होतं. फोन माझ्या हातात देऊन ती ऑफिसात सही करायला गेली. मी ॲप उघडलं. समोर वाक्य होतं. सवयीने मी ते म्हटलं. आकडा आला त्रेचाळीस. लाल.

मला हसू आलं. पुन्हा म्हटलं, जरा स्पष्ट. चाळीस. तिसऱ्यांदा तर वर्गात पहिल्या दिवशी म्हणावं तसं, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. सदतीस. मग मी फोन उलटा केला. खालच्या कडेला माइकचं बारीक भोक असतं, ते बुजलेलं होतं. केसातली पिन काढून टोचलं. टेबलावर पिवळी पूड पडली. थोडी आणखी टोकरली, आणखी पडली. चौथ्यांदा वाक्य म्हटलं, तर ब्याण्णव. हिरवा.

मी काय केलं? पदराने टेबल पुसलं. ॲप काढून टाकलं. पिन केसात खोचली.

ती परत आली. ‘‘झालं का मॅडम?’’

‘‘झालं.’’

‘‘लय कष्ट घेतलं तुमी आमच्यासाठी,’’ ती म्हणाली आणि वाकली. मी तिला पाया पडू दिलं. नको नको असंही म्हणाले नाही, हात नुसता तिच्या डोक्यावर ठेवला.

शुक्रवार दुपारला अजून तीन दिवस होते. साहेबांच्या खोलीपर्यंत वीस पावलं. मी रोज ठरवायची आणि रोज मला तिथे काय बोलावं लागेल ते डोळ्यांपुढे यायचं. सहा महिने मी एकीचाही फोन तपासला नाही हे सांगावं लागेल. कुणाची भीड न ठेवणाऱ्या यंत्राबद्दलचं माझं वाक्य साहेबांना आठवेल. बारांतलं एक नाव काढावं लागेल आणि ती घरी रडत जाईल. ही सगळी कारणं मी बुधवारी गोळा केली, गुरुवारी पुन्हा तपासली. शुक्रवारी साहेबांनी विचारलं, ‘‘पाठवू का?’’ मी म्हटलं, ‘‘पाठवा.’’ आणि लवकरची एसटी धरून साताऱ्याला गेले. घरी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

बारांतल्या सातजणी निवडल्या गेल्या. सत्कार झाला, हार-तुरे झाले. फोटोत मी मधोमध आहे. तो फोटो अजून संस्थेच्या भिंतीवर लावलेला आहे आणि मी त्याच्याखालून रोज जाते.

सात-आठ महिने गेले. शेवटी एका रविवारी मी साताऱ्याला गेलेच नाही. पत्ता विचारत तिच्या घरी गेले. सांगून टाकायचं, मग काय होईल ते होवो, असं ठरवून गेले होते. अंगणात हळकुंडं वाळत पडली होती, मागे ड्रम घरघरत होता. ती डोक्याला फडकं बांधून पुढे आली आणि मला बघून चपापली.

‘‘आवं मॅडम, तुमी? या की, या. आत बसा.’’

चहा आला. मी कप हातात धरून एका दमात बोलले. तुझ्या फोनच्या माइकमध्ये हळद बसली होती, आकडे फोनमुळे कमी यायचे, तुझं काही चुकलं नव्हतं, यादीत तुझं नाव असायला हवं होतं. पुढच्या वर्गाला ये, मी तुझ्या सासऱ्यांशी बोलते, असंही म्हणाले.

तिने मान हलवली. मग म्हणाली, ‘‘न्हाई मॅडम. त्ये एकदाच हुतं. आता त्यो विषय न्हाई काढायचा.’’ आणि पुढे म्हणाली, ‘‘फोनचं मला ठावं हुतं. जावंच्या फोनवर एकदा बोलून बघितलं, तर शहाऐंशी पडलं.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

तिने फडक्याला हात पुसले, फोन काढला आणि वर्गाच्या ग्रुपमधला जुना निरोप माझ्यापुढे धरला. मीच लिहिलेला. दोघींनी एकाच फोनवरून पाठवलेलं मी पकडलं होतं, तेव्हाचा. ‘स्वतःच्याच फोनवरून पाठवायचे. दुसरीचा फोन वापरणे ही चोरी आहे. जी वापरेल तिचे नाव त्याच दिवशी वर्गातून कमी होईल.’ मला तो लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

‘‘तुमी लिवलं हुतं, म्हून पुन्हा न्हाई वापरला आन् सांगितलं बी न्हाई,’’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिने विचारलं, ‘‘पर तुमाला कवा कळलं, मॅडम?’’

एवढ्यासाठीच मी आले होते. एसटीत बसून ‘त्या मंगळवारीच’ हे उत्तर घोकलं होतं.

‘‘परवाच,’’ मी म्हटलं. ‘‘नव्या वर्गात एकीच्या फोनचं असंच झालं, तेव्हा डोक्यात आलं.’’

‘‘तरीच,’’ ती म्हणाली. ‘‘आताशा माजा फोन बेस चालतोय. आवाज सगळ्यास्नी नीट जातोय. म्हंजे ती हळद आपसूकच पडली असंल.’’

मी चहाचा कप खाली ठेवला. ती माझ्या जवळ सरकून बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आजारी माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाली, ‘‘तुमी नका वाईट वाटून घिऊ. तुमाला तवा ठावं असतं, तर तुमी गप बसला असता व्हय?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.