उचगावची संथ चाल

विरूपाक्ष मगदूम उचगावहून सायकलीनं फाउंड्रीत जायचा. ओतून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा मशीनवर घासायचं काम. कानात कापसाचे बोळे कोंबून त्यानं ते निम्मं आयुष्य केलं, आणि त्या एका आवाजानं हळूहळू बाकीचे सगळे आवाज खाल्ले. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटा, मग बायकोची, शांतव्वाची हाक. शहाण्णव सालापर्यंत उरली ती नुसती घरघर. त्याची त्याला फारशी खंत नव्हती. भीती एकच होती, सोमवारची वचनं जातील याची.

दर सोमवारी संध्याकाळी मठात चारपाच माणसं वचनं गायला बसत. आठशे वर्षांपूर्वीच्या शिवभक्तांचे कानडी शब्द. गाणाऱ्यांच्या घरांत आता मराठीच चालायची. अर्थ निम्मा कळे, उरलेला विरूपाक्षाला शांतव्वा सांगे, ती कर्नाटकातल्या संकेश्वरची लेक. तरी ऐकायला मठ भरायचा. इतक्या तोंडांतून आलेलं ते गाणं ओढ्यातल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालेलं. हातात आलं की बरं वाटायचं.

पेटीवर किराणा दुकानवाले मल्लेशआण्णा. तबल्यावर बाळासो, म्हशीवाला, कानडीचं अक्षर न कळणारा. टाळ विरूपाक्षाकडे.

कान गेले तरी तो जात राहिला. आण्णांच्या ओठांकडे बघायचं, तबल्याचा ठोका फरशीतून मांडीला कळायचा, बाकीचं गाणं त्याच्या आत होतंच. टाळ जागेवर पडतोय, असं त्याला वाटे. कुणी कधी काही बोललं नाही, म्हणजे पडतच असणार. घरी जाताना तो मठाच्या पायरीला हात लावून म्हणे, ‘सगळं नेलंस, एवढं ठेवलंस. लई झालं.’

दोन हजार तीन साली मुरगूडला भाच्यानं घर बांधलं. वास्तुशांतीला ही मंडळी गायला गेली. भाच्यानं शूटिंग केलं आणि महिन्याभरानं सीडी पाठवून दिली. टीव्हीपुढं सगळं घर बसलं. बायका एकमेकींच्या साड्या बघत होत्या, जावई जेवणाच्या पंगतीत स्वतःला शोधत होता. विरूपाक्षाला मात्र ते मुकं चित्र होतं, म्हणून त्याला हात दिसले.

बाळासोचा हात तबल्यावर उचललेला. थांबलेला. बाळासोची नजर टाळाकडे. टाळ पडला, मग हात खाली आला. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. आण्णाही तोंड उघडून वाट बघत होते. ओळीमागून ओळ ही सगळी माणसं त्याच्यासाठी थांबत होती.

तो उठून घरामागच्या परड्यात जाऊन बसला. शांतव्वा मागोमाग आली. त्यानं नुसतं विचारलं, “तुला ठावं हुतं?”

तिनं नजर वळवून दोरीवरचे कपडे काढायला घेतले. म्हणजे ठाऊक होतं.

त्या सोमवारी तो गेला नाही. पुढच्या सोमवारी गेला तो टाळ परत द्यायला. इतकं जुनं गाणं आपल्यापायी वाकडं झालं, ही गोष्ट त्याला फाउंड्रीच्या भट्टीपेक्षा जास्त भाजत होती.

“आण्णा, ह्यो ठेवा. कानवाल्या माणसाला द्या.”

“का? हात मोडला काय तुझा?” बाळासोनं हातवारे करत विचारलं.

“शीडी बघितली मी. किती वर्सं थांबतोयस रं माझ्यासाठनं?”

“मोजाय मी काय म्हशीचं दूध घालतोय व्हय!”

आण्णांनी त्याचा खांदा धरून त्याला समोर बसवलं आणि तोंड मोठं करून, एकेक शब्द सोडवत सांगितलं, “मागच्या सोमवारी तू न्हवतास. आम्ही सरळ गायलो. चहाला उकळी फुटायच्या आत भजन खलास. म्हाताऱ्या म्हणाल्या, काय रं, यष्टी गाठायची हाय काय?”

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या हसल्या. विरूपाक्षाला हसू दिसलं.

“त्यांस्नी ही संथ चालच ग्वाड लागती,” आण्णा म्हणाले. “आम्हाला बी. पळत गायचं आता इसरलो आम्ही.”

“खोटं बोलताय.”

“मग गाऊन दावा की ह्यांस्नी,” मागून शांतव्वा आली होती. तिचा आवाज त्याला कळला नाही, पण आण्णांनी मान डोलावली आणि पेटी ओढली.

विरूपाक्षानं टाळ मांडीवर पालथा ठेवला. नुसतं बघायचं ठरवलं. आण्णांचे ओठ हलले. बाळासोचा हात वर गेला आणि वरच राहिला. मठातले सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. तो चिडला.

“हाण की रं!”

बाळासोनं मान हलवली. हात तसाच.

विरूपाक्षानं त्या सगळ्यांकडे बघून घेतलं. हे लोक कामाचे, धारा काढून, दुकानं बंद करून आलेले; त्यांना घरी जायचं होतं, आणि त्यांच्यातला एकही हलत नव्हता. त्याचे डोळे भरून आले, ओठ दिसेनासे झाले. आता बघायलाही काही उरलं नव्हतं. त्यानं टाळ उचलला आणि आतलं गाणं जसं येत होतं, तसा वाजवला. फरशीतून ठोका आला.