नको म्हणण्याची तालीम

आमच्या मेहुण्याच्या आग्रहाला बळी न पडलेला माणूस उभ्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. तो बासुंदीचं पातेलं घेऊन पंगतीत शिरला, की अनुभवी मंडळी ताटावर आडवी पडतात. माझ्या लग्नात त्यानं फोटोग्राफरला असं जेवू घातलं, की पुढच्या सगळ्या फोटोंत मांडव कलंडलेला आहे.

हा गृहस्थ भंडारदऱ्याकडच्या एका कॉलेजात वसतिगृहाचा रेक्टर आहे. गेल्या साली निरोप समारंभानंतर पोरं धरणाकाठी प्यायला बसली. "मर्द हायस ना?" करत एकाला इतकी पाजली, की दवाखान्यात त्याला शुद्ध यायला दुसरा दिवस उजाडला. मेहुणा उशाशी बसून होता. "दाजी, त्याला प्यायची न्हवती," तो मला म्हणाला. "पोराला न्हाई म्हनताच येईना. आन् आग्रह काय असतो ते माझ्यापरीस कुनाला ठावं?"

म्हणून यंदा त्यानं संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर तालीमच काढली. हातात जिलब्यांची परात. तो आग्रह करणार, पोरांनी नको म्हणायचं. पहिल्या आठवड्यात परातच जिंकली. मी परीक्षक म्हणून गेलो आणि पोटभर जिलब्या खाऊन नापास झालो. जामखेडचा एक लाजरा मुलगा तर 'नको' म्हणायला तोंड उघडायचा, तेवढ्यात जिलबी आत!

निरोपाच्या आदल्या संध्याकाळी मात्र दूरवर धरणाचं पाणी निळं होत होतं, आणि मेहुण्यानं सगळी अस्त्रं काढली. "माझी शपथ हाय. मग मीबी उपाशी झोपतो!" जामखेडच्या पोरानं ताटलीवर हात ठेवला. "नको सर. तुमी कितीबी म्हना."

मेहुण्याचा हात हवेतच राहिला. पाक कोपरापर्यंत ओघळला.

"जिंकलास रं," तो म्हणाला. "उद्या धरणावर मी येतो संगं."

"नको सर," पोरगा हळूच म्हणाला. "तुमी नका येऊ."

दुसऱ्या दिवशी मेहुणा अन् मी ओट्यावर बसून राहिलो. डोंगर एकेक करून अंधारात विरघळले. मग वळणावर दिवे दिसले, सावकाश येणारे. पुढच्या मोटारसायकलवर जामखेडचा, ताठ. मागं झिंगलेला मित्र, उपरण्यानं त्याच्या कमरेला बांधलेला.

सगळी पोरं आत गेल्यावरही मेहुणा रिकाम्या रस्त्याकडे बघत होता.

"आता कुठकुठं जातील, दाजी," तो म्हणाला. "कुनाकुनाच्या पंगतीला बसतील."