घागरींच्या रांगेतला फुटबॉल

"आला रं आला! सरका, वाट द्या त्याला!"

सिद्धप्पा अप्पा विहिरीच्या कठड्यावर चढून ओरडत होते. अप्पांचं किराणा दुकान, अप्पा आमच्या बालवीर क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, आणि अप्पांचा आवाज असा की त्यांनी दुकानात गुळाचा भाव सांगितला की तिकडं जळकोटच्या बाजारात गूळ महाग व्हायचा. जोर चढला की ते मराठीतून कानडीत घुसायचे. त्या दिवशी दोन्ही भाषा संपल्या आणि ते नुसते हात हलवायला लागले.

सगळं गाव लोटलं होतं. वर्षभर अंथरुणाला खिळलेले तुकानाना बाजेसकट आले होते. बाज उचलून आणली असं लोक म्हणतात, मला मात्र ती आपल्या चार पायांनी चालत आलेली आठवते. आणि मी कारखान्याच्या टँकरमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी. मांडीवर पत्र्याची पेटी, गळ्यात अप्पांनी घातलेला हार. हा टँकर विहिरीत पाणी सोडून रिकामा झाला की मला घेऊन परत जाणार होता. आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये माझी निवड झाली होती. राहायला क्वार्टर, जेवायला मेस, पायात बूट.

मला वाटलं, गाव मला निरोप द्यायला आलंय. मी खिडकीतून हात हलवत होतो, दौऱ्यावर आलेल्या मंत्र्यासारखा. वर कुणीच बघत नव्हतं. मला वाटलं, गहिवरलेत बिचारे.

आई सगळ्यांच्या पुढं उभी होती, पाइपाच्या अगदी तोंडाशी. तिला मी जन्मात कधी गर्दीच्या पुढं बघितलं नव्हतं. मला वाटलं, खेळाडूची आई म्हणून लोकांनी मान दिला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा विहिरीकडं तोंड केलं. टँकर हलला तेव्हा मी रडलो. ड्रायव्हर म्हणाला, "रडू नको लेका, उद्या बी यायचंय मला इथं. सांगावा असला तर दे."

तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. पण मी फॉरवर्ड. पुढचं तेवढं बघायची सवय.

गावात राहिलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. आणि माझ्यासारखे जे पुण्या-मुंबईला, भिवंडीला निघून गेले, त्यांच्यासाठीही. तुम्हाला गावानं कशाच्या बदल्यात दिलं, हे एकदा विचारून बघा. मला उत्तर मिळालंय.

आता म्हणाल, खो-खोच्या मुलखात फुटबॉल कुठून आला? तो लतीफचाचांनी आणला, हैदराबादहून, एका पिशवीत. चाचा तरुणपणी तिकडं पोलिसात होते आणि पोलिसांच्या टीममध्ये खेळायचे. पेन्शन घेऊन गावात आले ते एक फुटबॉल, एक शिट्टी आणि एकच बूट घेऊन. दुसरा बूट कुठं गेला ह्याच्या त्यांच्याकडं किमान वीस गोष्टी होत्या आणि प्रत्येक गोष्टीत एक इंग्रज जखमी व्हायचा.

मैदान म्हणजे गावाखालचा पाझर तलाव. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर आमच्या आईबापांनी तो खणला होता. पाणी त्यात क्वचितच यायचं, त्यामुळं राज्यातलं सगळ्यात सपाट मैदान आमचं. फक्त भेगा फार. एकदा आमचा बॉल अशा भेगेत गेला की आम्ही कान लावून ऐकत बसलो, तो कर्नाटकाकडं निघून गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता. गोलचे खांब म्हणजे मोटेची लाकडं. विहिरी आटल्यावर मोटेला दुसरं काम उरलं नव्हतं.

चाचांनी पोरांच्या तीन इयत्ता केल्या होत्या. चड्डी घसरणारी पोरं म्हणजे चिल्लर. मिसरूड फुटायला लागलं की आठाणे. आणि जो मंडळाकडून परगावी सामना खेळायला जाईल तो बंदा रुपया. चिल्लरनं आठाण्यांचा बॉल शोधून आणायचा, आठाण्यांनी बंद्या रुपयांचे पाय चेपायचे. मी चिल्लरमध्ये असतानाच चाचा म्हणाले होते, "ये लड़का हाली सिक्का है. खनकता है." हाली सिक्का म्हणजे निजामाच्या राज्यातला चांदीचा रुपया.

खनकायचं कारण होतं. चाचांनी मला शिकवलं ते विहिरीवर.

ऐंशीच्या पुढं जी कोरडी सालं आली त्यात गावात पाणी उरलेली विहीर ती एकच. बायका पहाटेच घागरी मांडून नंबर धरायच्या. ही रांग विहिरीपासून पार मारुतीच्या पारापर्यंत. रांगेच्या तोंडाशी पाटलीणबाईंची पितळी घागर, मग अप्पांच्या घरची, मग बाकीचं गाव, आणि रांग जिथं संपते त्याच्या अजून थोडं पलीकडं आमच्या बौद्ध वस्तीच्या घागरी आणि डालड्याचे डबे. आमच्या बायकांनी शेवटी शेंदायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विसरतही नव्हतं. आमचा नंबर येईपर्यंत पोहऱ्यात पाणी कमी आणि गाळ जास्त. आई तो फडक्यानं गाळायची. लहानपणी मला वाटायचं, पाण्याचा रंगच चहासारखा असतो.

चाचांनी मला त्या रांगेच्या शेपटाला उभं केलं. म्हणाले, "हर घागर को चकवा. एक भी बजी तो गया." मग मी आईच्या घागरीपासून सुरुवात करायचो आणि डावीकडून, उजवीकडून, बॉल पायाला चिकटवून पाटलीणबाईंच्या पितळेपर्यंत जायचो. घागर वाजली की जिची वाजली ती बाई हातात असेल ते फेकून मारायची. माझ्या पाठीवर गावातल्या प्रत्येक घराची खूण आहे. पण वर्षभरात असा झालो की डोळे मिटून रांग पार करायचो. पाटलीणबाई शेजारणीला म्हणायच्या, "वारा गेला काय गं इथनं?" मी तवर घरी जाऊन जेवून आलेलो असायचो.

दादांना, म्हणजे वडिलांना, खेळाचं कौतुक होतं. पण छप्पन सालानंतर त्यांनी मेल्या जनावराला हात लावला नव्हता. ते एवढंच म्हणाले होते, "खेळ. पर त्ये कातडं घरात आणू नको. एकदा सोडलं ते सोडलं." म्हणून बॉल कायम चाचांकडं राहिला. मी बंदा रुपया झालो तेव्हा बघायला दादा नव्हते, आदल्याच साली गेले.

बंदा रुपया झालो आणि मग काय सांगू. उमरगा मारलं, लोहारा मारलं, नळदुर्गच्या गोलकीपरनं फुटबॉल सोडून भजनाला बसायला सुरुवात केली. गावात माझी मिरवणूक निघायची. ज्या घरांच्या उंबऱ्याला आमची सावली चालत नव्हती तिथनं "ये की रं गौतम, च्या घे" असं ऐकू यायला लागलं. कप वेगळा असायचा, पण चहा तोच. मला ते पुष्कळ वाटायचं. मला वाटायचं, मी आता गावाचा झालो.

त्या उन्हाळ्यात त्या एकुलत्या विहिरीनंही तळ गाठला आणि तेव्हाच एक दिवस चाचा घरी आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तेरा सिलेक्शन हुआ, बेटे. कारखाने में." कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना फुटबॉलचा नाद होता. आसपासच्या कारखान्यांच्या टीम होत्या, त्यांच्यात आपली पहिली यावी म्हणून त्यांचा जीव चालला होता. मी म्हटलं, चाचा, आपल्या मंडळाचं काय? अणदूरचे सामने तोंडावर आलेत. चाचांनी शिट्टी पुसली आणि म्हणाले, "मंडल कहाँ भागा जाता है." अप्पांनी हार आणला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

कारखान्यावर पहिल्या दिवशी मेसमध्ये नळ सोडला आणि तसाच बघत उभा राहिलो. आचाऱ्यानं येऊन बंद केला. बूट घातले तर पाय कुणी दुसऱ्याचेच वाटायचे. पण महिन्यात जम बसला. चेअरमनसाहेब मला पाहुण्यांना दाखवायचे. सोबत कारखान्याचा बैलही दाखवायचे, आधी बैल, मग मी. मी ते गावाकडं सांगताना बैल गाळायचो.

मग अणदूरला सामने भरले आणि फायनलला समोर कोण, तर आमचं मंडळ. अंगावर पिवळा ढगळा शर्ट, पाय अनवाणी. गोलजवळ बाळ्या, माझ्या वर्गातला, फुलबॅक. मैदानाच्या कडेला सगळं गाव. मी हात वर केला. गावाकडनं पहिला शब्द आला तो "गद्दार".

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, कुणा दुसऱ्याला म्हणतेत.

पहिला गोल मी केला आणि मग थांबेचना. गद्दार, गद्दार. म्हातारी माणसं, चिल्लर पोरं, मला कपातनं चहा दिलेले लोक. अप्पा सगळ्यात पुढं, आधी मराठीत, मग कानडीत. एक खडा कानाला लागला. त्या गर्दीतला एकेक आवाज मी ओळखत होतो. अरे, मी काय पळून गेलो होतो? तुम्हीच हार घातला ना?

कॉर्नरला बाळ्या माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "बाळ्या, काय हे? म्या काय केलं?"

तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं मी त्याला स्वतःचं नाव विचारलं. म्हणाला, "तुला खरंच ठाव न्हाय? येड्या, तुला टँकरवर दिलंय. तू तिकडं खेळायचं, चेअरमननं रोज एक खेप इकडं टाकायची. अप्पांनी अन् चाचांनी ठरीवलं. सगळ्या गावाला ठाव हाय की."

"मग ओरडतेत कशाला?"

"ओरडाय काय लागतंय," बाळ्या म्हणाला. "घसा सुकला की टँकर हायेच."

त्या कॉर्नरला बॉल माझ्यापर्यंत आला तेव्हा मनात आलं, सोडून द्यावा. हरू दे कारखाना, बंद होऊ दे टँकर, ओरडा मग कोरड्या घशानं. पण संताप असा चढला होता की त्या संपूर्ण गावाच्या तोंडावर काहीतरी फेकून मारल्याशिवाय मला चैन पडणार नव्हती, आणि माझ्यापाशी फेकायला बॉलच होता. मी मारला. असा मारला की गोलला मोटेची लाकडं असती तर उखडली असती. गोल झाला, कप कारखान्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर एक खेप जास्त गेली. मी सूड म्हणून मारलेला गोलसुद्धा गावानं घागरीत भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच टँकरमधून गेलो, पण तलावाजवळच उतरलो. चाचा चिल्लर पोरांना शिकवत होते. मी काही विचारायच्या आतच ते बोलले, "बेटे, प्लेयर मैं और बनातूं. पानी मेरे से नैं बनता." आणि शिट्टी वाजवून पोरांकडं वळले. मी घरी गेलो नाही. जळकोटला चालत आलो आणि हायवेवर मिळाली ती पुण्याची एसटी धरली.

पुढचं सगळं पिंपरीत. कंपनीत लागलो, कंपनीकडून खेळलो, गुडघा गेल्यावर शॉपवर मशीन चालवलं. शिफ्ट, ओव्हरटाइम, होमलोन, आता रिटायर. दोन खोल्या आणि बाल्कनी. सोसायटीच्या ग्राउंडवर पोरांची अकॅडमी भरते. प्लास्टिकचे नारंगी कोन मांडून त्यातून पोरं बॉल काढतात. कोनाला बॉल लागला तरी आवाज येत नाही, कुणी काही फेकून मारत नाही. कसं शिकणार?

घर कुठलं म्हणाल तर रेशनकार्डावर हेच आहे. पण पाणी आलं की टाकी भरताना जो आवाज होतो, त्याला मी अजून दचकून उठतो आणि हात आपोआप हलवायला वर जातो, निरोप घेतल्यासारखा. गावाला मी परत खेळाडू म्हणून गेलो नाही. लग्नाकार्याला जातो. अप्पा होते तोवर अप्पांनी दर वेळी माझा सत्कार केला. "आपल्या मातीतला खेळाडू" म्हणायचे. मी नारळ घ्यायचो. माझ्या बदल्यात आणखी एक खेप, असं मनात म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मी वर्षानुवर्षं कुणाला विचारली नव्हती. अप्पांनी फसवलं, ते व्यापारी. चाचांनी फसवलं, त्यांचा हिशेब मला कळला, पचला नाही. पण तिसऱ्या माणसाकडं मी कधी गेलोच नाही. आई माझ्याकडं राहायला आली, नातवंडं खेळवली, नळ कधी पूर्ण सोडला नाही. आणि मला कायम ती पाइपाच्या तोंडाशी उभी असलेलीच दिसायची, सगळ्यांच्या पुढं.

गेल्या वर्षी ती बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. खाली पोरं कोनांमधून बॉल काढत होती. मी विचारून टाकलं, "आये, मला टँकरवर दिलं ते तुला आधी ठावं हुतं?"

तिनं वर बघितलं नाही. एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली.

"व्हय," ती म्हणाली. "तवापासनं इहिरीवर पयला नंबर माझा असायचा."