नळी वाकडी होती म्हणे

लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं, की माझ्या नवऱ्याची राज्याच्या नेमबाजी संघात निवड होणारच होती, पण ऐन वेळी रायफलची नळी वाकडी निघाली. पुढची छत्तीस वर्षं मी ती गोष्ट ऐकली. पाहुणे आले, चहा झाला, की हे मांडी ठोकून सुरू करायचे. पॉइंट टू टूची विलायती रायफल, खास निशाणेबाजीसाठी घडवलेली. एका वेळी एकच गोळी भरायची. निवडीच्या दिवशी पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळ्या अशा विखुरल्या, की कागदाची चाळण. मग हे शांतपणे उठले आणि म्हणाले, "नेम माझा आहे, नळी इंग्रजांची आहे." या वाक्यावर पाहुण्यांनी हसायचं असतं. तेही बिचारे हसायचे.

मीसुद्धा ती गोष्ट सांगत आले. कारखान्यात डबा खाताना मैत्रिणींना सांगितली, पुढे सुनेला सांगितली. सांगताना मला ह्यांची खरोखर कीव यायची. एवढा गुणी माणूस आणि नशिबाने असा दगा द्यावा!

आता यातला विनोद असा, की मी हडपसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मोजमापाच्या विभागात होते. भाग नीट बनलाय की नाही हे ज्या गेजने तपासतात, ती गेजच बरोबर आहे की नाही, हे मी तपासायची. एखादी वस्तू वाकडी आहे असं कोणी म्हणालं तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "किती?" घरी मात्र मी हा प्रश्न एकदाही विचारला नाही. लग्नानंतर एकदाच म्हणाले होते, "मी बघू का जरा?" हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. म्हणाले, "अगं, हे तुमच्या कारखान्यातलं नटबोल्टचं काम नव्हे." मी गप्प बसले. नव्या नवरीला शोभेल इतकी, आणि नंतर सवयीने.

रायफल लोखंडी कपाटात असायची, किल्ली ह्यांच्या जुडग्यात. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघे. पाटावर ठेवून हे तिच्या नळीवर हळदीकुंकवाची ओली बोटं लावत, फूल वाहत, नैवेद्य दाखवत आणि दसऱ्याला तशीच आत ठेवून देत. निवडणुका लागल्या की पोलीस ठाण्यात जमा करायला एक फेरी, परत आणायला दुसरी. एवढाच तिचा व्यायाम. तिच्यातून सुटलेली शेवटची गोळी आमच्या मुलाच्या जन्माआधीची.

ह्यांना चौऱ्याहत्तरावं लागलं आणि उजवा हात कापायला लागला. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, सरेंडर करून टाका. कशाला लफडं?" ह्यांचा बेत वेगळा होता. काचेची पेटी करायची, आत रायफल, खाली पितळी पाटी, आणि दिवाणखान्यात पाहुण्यांच्या समोर. पोलिसांनी अर्थातच नाही म्हणून सांगितलं. मग हे दोन दिवस जेवणाच्या ताटावर उसासे टाकत बसले. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "परवाना माझ्या नावावर करून द्या."

"तू काय करणार तिचं?"

"बघते तरी."

परवाना शाखेतल्या साहेबांनीही तेच विचारलं. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. "काकू, तुम्ही या वयात बंदूक घेऊन काय करणार?"

"नेम धरणार," मी म्हणाले. "आणखी काही करता येतं का तिचं?"

आठ महिने लागले. नेमबाजी क्लबचं सभासदत्व, प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, घरी येऊन चौकशी. शेवटी कागद हातात आला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून मी रायफल ठेवली. हे समोर खुर्ची टाकून बसले, देखरेखीला.

नळीवर गंजाचे गोल गोल डाग होते, एकेका बोटाच्या अंतराने, रांगेत. मला क्षणभर उमगेना. मग मी माझी तीन बोटं त्यावर ठेवून पाहिली आणि हसू फुटलं. छत्तीस वर्षांचं हळदीकुंकू. लोखंडाला पाणी लावून कुलपात कोंडायचं आणि त्याला शस्त्रपूजा म्हणायचं! अक्रोडाच्या सुंदर दस्त्यावर ह्यांनी केव्हातरी दरवाज्याचं व्हार्निश फासलं होतं, तेही ब्रशचे केस आत अडकवून.

"चमक यावी म्हणून," हे म्हणाले.

"आली ना," मी म्हणाले.

तेलात भिजवलेल्या बारीक तारेच्या घासणीने डाग हळूहळू घासले. गंज गेला, खालचे खड्डे राहिले. त्यांना इलाज नाही. व्हार्निश खरवडायला तीन आठवडे गेले. मग लाकडावर जवसाच्या तेलाचे हात, तळव्याने चोळून, एक वाळला की दुसरा. सातव्या हातानंतर लाकडातल्या रेषा वर आल्या. मला फार दिवसांनी कशाचा तरी आनंद झाला. हे म्हणाले, "जपून. नळीला धक्का लावू नकोस, आधीच वाकडी आहे."

दस्ता उतरवण्यासाठी रायफल उलटी केली आणि खालच्या मोठ्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला. हा स्क्रू लोखंडाला लाकडाशी बांधून ठेवतो. जोर लावायला मी मनगट तयार ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. तो बोटाने फिरला. मी थांबले, परत घट्ट करून पाहिला, फेरे मोजले. दीड फेरा सैल. म्हणजे दर गोळीला सगळं लोखंड लाकडात डुलत असणार, दर वेळी वेगळीकडे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते.

अजून नळीच बघायची होती आणि गोळीच्या बुडाच्या कडेवर आपटणारी बारीक पिन झिजलेली दिसत होती. ते काम परवाना असलेल्या कारागिराचं. कॅम्पातल्या एका बंदुकांच्या दुकानात मागच्या खोलीत एक म्हातारे कारागीर बसतात. मूळचे लोणी काळभोरचे. मी रायफल त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नळीत पाहिलं, दिव्याकडे धरून पुन्हा पाहिलं.

"नळी वाकडी आहे म्हणतात," मी म्हणाले.

"कोन म्हनतं?"

"आमचे हे."

"ताई, नळी सरळ हाय, आरशावानी. आतून नवीच म्हना. ही रायफल फार चाललेलीच न्हाय." मग त्यांनी ती उलटी केली, दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टीवरचा जुना पोचा पाहिला आणि त्यांचा हात थांबला. "ही प्रोफेसर साहेबांची का? तवा मी क्लबात होतो, बंदुका बघायला."

मी हो म्हणाले. मग स्क्रूचं सांगितलं.

"मी सांगितलं होतं की त्यांस्नी," ते अगदी सहज म्हणाले. "निवडीच्या आदल्या दिवशी. म्हनलं, साहेब, खालचा स्क्रू ढिला हाय, द्या इकडं, दोन मिन्टांचं काम. म्हनले, हात लावू नको, तुला काय कळतं यातलं." त्यांनी पिन काढून फडक्यावर ठेवली. रागबिग काही नव्हता. इतकी वर्षं तो सांभाळायला त्यांना वेळ कुठे होता? माणसाने गंज काढावा, पिन बसवावी, घरी जावं.

परतताना मी रिक्षात बसले आणि सोलापूर रस्त्यावरच्या गर्दीत मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. ह्यांची नव्हे; ह्यांच्याबद्दल काय वाटायचं ते ठरायला अजून वेळ होता. ज्या बाईने एकतीस वर्षं हाताखालच्या पोरींना सांगितलं की मोजल्याशिवाय बोलायचं नाही, तिने एका माणसाच्या तोंडच्या वाक्यावर एवढी वर्षं कीव खर्च केली.

क्लब शहराबाहेर खडकवासल्याच्या वाटेवर आहे. हे बरोबर आले, मफलर गुंडाळून. आजूबाजूला जाडजूड जाकिटं घातलेली तरुण मंडळी होती, लाखांच्या रायफली घेऊन. माझी रायफल पाहून "ओह, व्हिंटेज!" म्हणून दोघांनी फोटो काढले. त्यातला एक दस्त्यावरून हात फिरवत म्हणाला, "आंटी, वॉलवर मस्त दिसेल." मी म्हणाले, "आधी समोरच्या कागदावर कशी दिसते ते बघू."

मला पालथं झोपून नेम धरणं जमत नाही, कंबर ऐकत नाही. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकून, टेबलाशी बसून मारायची परवानगी प्रशिक्षकांनी दिली. पहिल्या पाच गोळ्या डावीकडे, खाली गेल्या, पण एकाच जागी गेल्या. ज्या चकतीच्या भोकातून नेम धरतात, त्या मागच्या चकतीची बारीक फिरकी फिरवून मी नेम दुरुस्त केला. पुढच्या पाच मारल्या. कागद आणला. पाचही भोकं एकमेकांत मिसळली होती; वर रुपयाचं नाणं ठेवलं तर सगळी झाकली गेली.

ह्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला.

"आज वारा नाही," हे म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "आणि खालचा स्क्रू घट्ट आहे. तो सैल आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का हो?"

मला वाटलं होतं आठवत नाही म्हणतील. म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. पण लगेच उत्तर आलं, "तो? अगं, तो क्लबातला मेकॅनिक होता. त्याने उघडून बिघडवली असती म्हणजे?"

"मग नळी वाकडी आहे हे कोणी सांगितलं?"

ह्यांनी मफलर नीट केला. "मीच पाहिलं."

"कशाने?"

"डोळ्याने."

कारखान्यात असते तर शेरा मारून पेटी परत पाठवली असती. नवरा परत पाठवायची सोय नसते. मी त्यांच्याकडे पाहिलं: हात थरथरता, पाठ ताठ, दोन मिनिटांच्या मदतीला चाळीस वर्षं कमी लेखणारा माणूस. चीड आली नाही. चिडायला समोरचा जरा तरी मोठा असावा लागतो. तरी उठताना त्यांना हात दिला. टेबलाची कड टोकदार होती.

पुढच्या महिन्यात पाहुणे आले तेव्हा गोष्ट बदललेली होती. आता ह्यांनीच मला सुचवलं होतं, की एकदा स्क्रू बघ. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बाहेर येऊन खोडून काढावं असं वाटलं, मग वाटलं, या लोकांना काय, त्यांना हसायला एक वाक्य हवं. पोह्यांवर कोथिंबीर घातली आणि बशा नेऊन दिल्या.

मी दर बुधवारी क्लबवर जाते. प्रशिक्षक बाई कडक आहेत, "श्वास, काकू, श्वास!" म्हणून ओरडतात. गेल्या महिन्यात सभासदांची छोटी स्पर्धा झाली, टेबलावरून मारायच्या गटात. ह्यांना मी येऊ नका म्हणून सांगितलं. घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते.

"कितवी?"

"सातवी."

"किती जणांत?"

"नऊ."

"अरे वा," हे म्हणाले आणि स्वतः आत जाऊन पाण्याचे पेले भरले. त्या दुपारी जेवताना मला नेम कसा धरावा याच्या काही सूचना केल्या, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि आमटी छान झाली आहे असंही म्हणाले.