सात झाऱ्या पाणी

माझ्या दिरांनी एकतीस वर्षं एकाच मैदानाची खेळपट्टी तयार केली. लोकांना त्यातली एकच आठवते.

मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांनी लग्न केलं नाही. माझे पती गेले तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. भाऊजी हातगाडी घेऊन आले, आमच्या दोन ट्रंका आणि शिवणयंत्र तिच्यावर चढवलं आणि म्हणाले, "वहिनी, पॅव्हेलियनच्या मागं मला दोन खोल्या दिल्यात. एका माणसाला दोन खोल्यांत करमत नाही." खोल्या क्लबच्या होत्या. नोकरी असेतो खोल्या. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मला ते सांगायची गरजही नव्हती.

उंच, किंचित वाकलेले, मोजकं बोलणारे. सकाळी अनवाणी खेळपट्टीवर जाऊन टाच दाबून बघायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. मुलगी विचारायची, "काका, मीठ बरोबर आहे का?" ते गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "चिमटीभर कमी आहे."

त्यांच्या जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो अंगानं काडी होता. मोठा रोलर दोघं मिळून ओढायचे, अठरा वर्षं. "तुमचे दीर नुसतं दांड्याला हात लावून चालतात, वहिनी. ओढतो मी," पैलवान मला सांगायचा. "हा ओढत नाही, बडबडतो. रोलर कंटाळून पुढं सरकतो," भाऊजी म्हणायचे. नळाच्या कोठडीची किल्ली पैलवानाच्या ताब्यात असे. संध्याकाळी घरी जाताना तो ती आमच्या खुंटीला लावून जायचा.

त्या वर्षी पाहुणा संघ आला. आमच्या मैदानावर तो कधी जिंकला नव्हता. कसोटीच्या आठ दिवस आधी क्लबचे सेक्रेटरी आले, बूट मातीला लागू नयेत म्हणून कडेलाच उभे राहिले.

"शेवटचे पाच दिवस पाण्याचा थेंब नको. आपल्या फिरकीवाल्यांचा चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळला पाहिजे."

"साहेब, फुटेल ती. चेंडू तोंडावर उसळतील."

"त्यांच्याच तोंडावर ना? मग उसळू देत की."

 फार वर्षांपूर्वी अशाच फुटलेल्या खेळपट्टीवर एका फलंदाजाचा डोळा गेला होता. त्याला उचलून आणणाऱ्यांत भाऊजी होते. सामन्याला दोन दिवस उरले तेव्हा रोलरला मातीचा भुगा चिकटून येऊ लागला. त्या दिवशी पैलवान बायकोच्या दुखण्यामुळे लवकर गेला. दिवेलागणीला भाऊजींनी खुंटीवरची किल्ली काढली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांनी सात झाऱ्या पाणी घातलं, हलक्या हातानं, भाजलेल्या अंगावर घालावं तसं.

परत येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही पाहिलं नाहीत."

"एवढ्या अंधारात काय दिसणार," मी म्हणाले. पण रोजचं हवामान आणि रोजचं काम वहीत लिहायची मला शाळेपासून सवय, आणि सात झाऱ्या मी मोजल्या होत्या. तेही लिहिलं.

त्यांचा हिशेब असा होता, की रात्रभर वारा लागेल, दुसऱ्या दिवशी ऊन पडेल, ओल खाली मुरेल आणि माती धरून राहील. पण तासाभरात ढग आले. वर पाऊस पडला तर सगळंच जाईल म्हणून त्यांनी घाईनं ताडपत्री अंथरली. पाऊस पडलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऊनही नाही. ताडपत्री तशीच राहिली. तोवरच्या नोकरीत त्यांनी ओल्या मातीवर कधी ताडपत्री घातली नव्हती.

सामन्याच्या सकाळी ती काढली. वरून खेळपट्टी फिकट, कोरडी दिसत होती. भाऊजींनी टाच दाबली आणि सरळ खोलीत आले.

"आत घाम कोंडलाय. पहिले दोन तास चेंडू थाऱ्यावर राहणार नाही."

"मग कप्तानांना सांगा. पहिली फलंदाजी घेऊ नका म्हणावं."

"सांगितलं तर विचारतील, ओल आली कुठून."

ते बाजेवर बसून राहिले. बाहेर नाणेफेक झाली. आमच्या कप्तानानं ती जिंकली, कोरडी माती बघितली आणि फलंदाजी घेतली.

जेवणाच्या सुट्टीआधी आमचा संघ अठ्ठावन्न धावांत बाद झाला. मग ऊन पडलं, खेळपट्टी पाटासारखी झाली आणि पाहुण्यांनी दीड दिवस फलंदाजी करून पाचशे पाच धावा केल्या. तिसऱ्या दिवशी आमचे पुन्हा एकशे चाळीस. एक डाव आणि तीनशे सात धावांनी हरलो. लोक शिव्यासुद्धा न देता उठून गेले. पाहुण्यांच्या एका गोलंदाजानं जाता जाता भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी चौकशी होती. रविवारी दुपारी ते म्हणाले, "उद्या खरं सांगून टाकतो."

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता विचारलं, "मग आम्ही दोघी कुठं जायचं, भाऊजी?"

एवढंच. 

सोमवारी समितीनं विचारलं, पाणी कुणी घातलं? भाऊजी म्हणाले, मला ठाऊक नाही. किल्ली कुणाकडे असते? पैलवानाकडे. दुसरं उत्तर खरं होतं. पैलवानाला आत बोलावलंसुद्धा नाही. संध्याकाळी त्याच्या हातात कामावरून काढल्याचा कागद ठेवला.

तो किल्ली परत करायला आमच्या दाराशी आला. भाऊजी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत.

"त्या संध्याकाळी ही तुमच्या खुंटीला होती, वहिनी."

"हो," मी म्हणाले.

"बास. तुम्ही तरी हो म्हणता का, तेवढंच बघायचं होतं." किल्ली त्यानं उंबऱ्यावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही.

पुढचे पाच महिने भाऊजींनी रोलर एकट्यानं ओढला. नवा माणूस द्यायला क्लब तयार होता, त्यांनी नको म्हटलं. मग एक दिवस धुतलेला सदरा घालून ते सेक्रेटरींकडे गेले आणि सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं.

"ती फाईल आता बंद झालीय. उघडली तर चुकीच्या माणसाला काढलं म्हणून माझीच शोभा होईल. वर मी पाणी बंद करायला सांगितलं होतं, तेही निघेल. जा, कामाला लागा."

तिथून ते गावाच्या दुसऱ्या टोकाला पैलवानाकडे गेले. तो आता गोदामात पोती उचलत होता. दार बायकोनं उघडलं.

"झोपलेत," ती म्हणाली.

आतून पैलवानाचा खोकला ऐकू येत होता.

"मी थांबतो."

"थांबा की. पण ते झोपलेलेच असतील."

भाऊजी पायरीवर दुपारपर्यंत बसले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, बिऱ्हाड हलवलं, कुठं ते बोलले नाहीत.

भाऊजींनी त्यानंतर बारा वर्षं नोकरी केली. मुलगी त्या दोन खोल्यांत शिकली आणि तिथूनच सासरी गेली. निघताना ती काकांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी तिला उठवलं आणि म्हणाले, "माझ्या नको, बाळ." कुणाच्या, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.